एका गायनमंडळाची तीन नावं

न्यूयॉर्कमध्ये यिडिश गाणी गाणारं एक गायनमंडळ गेली शंभर वर्षं चालू आहे. सुरुवातीला त्याचं नाव होतं ‘फ्रायहाइट गेझांग फराइन’, म्हणजे स्वातंत्र्य गायन संघ. पुढे ते ‘ज्यूइश पीपल्स फिलहार्मोनिक कोरस’ झालं आणि आता ‘यिडिश फिलहार्मोनिक कोरस’ आहे. ही नावं का बदलत गेली ते बघायचं, तर आधी भाषेकडे वळावं लागतं.

यिडिशचा सांगाडा जर्मन, त्यात हिब्रू आणि स्लाव्ह शब्दांची भर, आणि लिपी हिब्रू. (आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींचा तिच्याशी संबंध नाही, त्यांची घरची भाषा मराठी.) पूर्व युरोपात प्रार्थना हिब्रूत होई, भांडणं आणि बाजारहाट यिडिशमध्ये. शिकलीसवरली मंडळी तिला ‘जार्गन’ म्हणून नाकं मुरडत. 1897 मध्ये व्हिल्ना (आजच्या लिथुएनियातलं व्हिल्नियस) शहरात ‘बुंड’ ही ज्यू कामगारांची समाजवादी संघटना निघाली. मजुरांशी बोलायचं तर यिडिशला पर्याय नव्हता. आधी ही निव्वळ सोय होती, तिचा अभिमान नंतर झाला. 1908 मध्ये चेर्नोव्हित्स (आज युक्रेनमध्ये) इथे भरलेल्या यिडिश भाषेच्या परिषदेत यिडिशला ज्यू लोकांची ‘एक’ राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता मिळाली, आणि त्या ‘एक’ शब्दावरून केवढा खल झाला! ‘हीच राष्ट्रभाषा’ म्हटलं असतं तर हिब्रूवाले उठून गेले असते.

बुंडची ‘शपथ’ हे गीत अन्स्की या यिडिश लेखकाने 1902 मध्ये लिहिलं. अशी गाणी गाठोड्यात बांधून लाखो माणसं अमेरिकेत उतरली आणि बरीचशी न्यूयॉर्कच्या शिवणकामाच्या कोंदट खोल्यांत जाऊन बसली. मॉरिस रोझेनफेल्ड हा कवी स्वतः तिथे कपड्यांना इस्त्री करायचा. त्याच्या एका प्रसिद्ध कवितेतला बाप पहाटे कामाला जातो, रात्री परततो. मुलगा त्याला फक्त झोपलेला दिसतो. ऐकणाऱ्यांना त्यात काव्य शोधावं लागत नसे, ते त्यांचंच वेळापत्रक होतं. 1911 मध्ये न्यूयॉर्कमधल्या ट्रायँगल या कपड्यांच्या कारखान्याच्या आगीत 146 जण गेले. त्यात बहुतेक तरुण मुली होत्या, ज्यू आणि इटालियन.

पण समूहगानच का? एक तर वाद्यं लागत नाहीत, खर्च नाही. दुसरं, अनेक पुरुषांचे गळे लहानपणी सिनेगॉगमध्ये हझ्झानच्या, म्हणजे प्रार्थना गाणाऱ्याच्या, हाताखाली तयार झालेले होते. देव सोडला तरी गळा सुटत नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की कर्मठ परंपरेत पुरुषांनी बाईचं गाणं ऐकणं निषिद्ध. त्यामुळे शिवणयंत्रावरून उठून आलेली मुलगी पुरुषांच्या शेजारी उभी राहून सूर लावते, एवढ्यानेच बंड झालेलं असे. त्यासाठी गाण्यात लाल झेंडा असायची गरज नव्हती.

फ्रायहाइट मंडळाला आकार दिला तो याकोब शेफरने. आजच्या युक्रेनमधल्या क्रेमेनेत्सहून आलेला हा माणूस आधी शिकागोत सुतारकाम करत करत कामगारांचं गायनमंडळ चालवत होता. त्याने लोकगीतांवर थांबायचं नाकारलं. यिडिश लेखक पेरेत्सच्या ‘दोन भाऊ’वर त्याने मोठी संगीतरचना केली आणि दिवसभर कापड बेतणाऱ्या माणसांकडून ती गाऊन घेतली. इथे एक मजेशीर अडचण असते. स्वरलिपी डावीकडून उजवीकडे धावते, यिडिश उजवीकडून डावीकडे. दोघींची टक्कर टाळायला सुरांखाली शब्द रोमन अक्षरांत, तुकडे पाडून लिहितात.

‘फ्रायहाइट’ हे 1922 मध्ये निघालेल्या कम्युनिस्ट यिडिश दैनिकाचंही नाव, आणि मंडळ त्याच्याच गोटातलं. त्याच्यासमोर ‘फोर्व्हर्ट्स’ हे समाजवादी दैनिक आणि त्याच्या गोटातली ‘आर्बेटर रिंग’ ही संस्था उभी होती. तिचंही स्वतःचं गायनमंडळ होतं आणि लाझार वायनरसारखा संगीतकार ते चालवत होता. भाषा एक, दुःख एक, पण एकमेकांचं तोंड बघायची तयारी नाही. 1929 च्या पॅलेस्टाइनमधल्या दंगलींवर ‘फ्रायहाइट’ने कम्युनिस्ट पक्षाची री ओढली तेव्हा त्याचे कितीतरी लेखक बाहेर पडले. 1939 च्या हिटलर-स्टालिन कराराने उरलेल्यांचीही परीक्षा पाहिली.

मंडळाच्या पाठीशी 1930 पासून ‘इंटरनॅशनल वर्कर्स ऑर्डर’ होती. ती मुळात स्वस्त विमा देणारी संस्था. सोबत शाळा, शिबिरं, गायनमंडळं. मॅकार्थी काळात, म्हणजे अमेरिकेत कम्युनिस्टांची धरपकड चालू असताना, न्यूयॉर्कच्या विमा खात्याने तिच्यावर खटला भरला. हिशेब चोख होते, त्यावर वादच नव्हता. धोका ‘राजकीय’ आहे म्हणून 1954 मध्ये ती गुंडाळली गेली. कॅनडातही 1950 मध्ये क्वेबेक सरकारने ‘युनायटेड ज्यूइश पीपल्स ऑर्डर’ या डाव्या ज्यू संस्थेच्या माँट्रियलमधल्या केंद्राला टाळं ठोकलं.

बाहेरून मार बसत होताच, पण खरा घाव आतला. जून 1949 मध्ये पॉल रोबसन या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकाने मॉस्कोत कवी हिर्श ग्लिकचं गाणं यिडिशमध्ये गायलं. व्हिल्नाच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, 1943 मध्ये लिहिलेलं ते गाणं, चाल मात्र सोव्हिएत संगीतकाराची. त्याच सुमारास सोव्हिएत कैदेतला यिडिश कवी इत्झिक फेफर रोबसनला भेटायला आणला गेला आणि त्याने बोट गळ्यावरून फिरवून आपलं भवितव्य सांगितलं, असं रोबसनच्या मुलाने पुढे सांगितलं. 12 ऑगस्ट 1952 ला फेफर, मार्किश, क्विट्को, हॉफश्टाइन, बर्गेलसन या यिडिश साहित्यिकांसह 13 जणांना मॉस्कोत गोळ्या घातल्या गेल्या. 1956 मध्ये वॉर्सातल्या यिडिश वृत्तपत्राने ते छापलं. ज्या देशाची गाणी गायली, त्यानेच यिडिशचे कवी मारले होते. अनेकांनी पक्ष सोडला. गायनमंडळं सोडली नाहीत.

न्यूयॉर्कचं मंडळ 1995 पासून बिन्युमेन शेख्टर चालवतात. आज गाणाऱ्यांपैकी अनेकांना यिडिश बोलता येत नाही. सुरांखालची रोमन अक्षरंच त्यांची पाटी. मंडळाच्या नावात पहिल्यांदा स्वातंत्र्य होतं, मग लोक आले. भाषेचं नाव मात्र तेव्हा पाटीवर घालायची गरज नव्हती, कारण दारातून आत येणारा प्रत्येक जण तीच बोलत होता.