पेट्रोलची एसयूव्ही की इलेक्ट्रिक? ॲव्हरेजचं गणित इथे उलटं चालतं

अमळनेर असो की पारोळा, लग्नाच्या पंगतीत नवीन इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "एक चार्जिंगमा कितली जास?" विचारणाऱ्याला एकच आकडा हवा असतो, आणि तो एक आकडाच सगळा घोळ घालतो. पन्नास-साठ लाखांची गाडी घेणारी शहाणी माणसंही त्या आकड्यावर निर्णय घेतात आणि मग वर्षभर कुरकुरत बसतात. म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

पेट्रोलच्या गाडीबद्दल तुम्हाला काही शिकवायची गरज नाही. बाकीचे फरकही थोडक्यात उरकतो. इलेक्ट्रिक गाडी शांत असते आणि पिकअप जबरदस्त असतो, हे दहा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये कळतंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल एसयूव्हीवर जीएसटी ४० टक्के आहे, इलेक्ट्रिकवर ५. इंजिन ऑइल नाही, गिअरबॉक्सची कटकट जवळपास नाही. नंबर प्लेट हिरवी. या गोष्टींवर तासन्‌तास वाद घालण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

खरी अडचण ॲव्हरेजची आहे. पेट्रोलची गाडी गावात कमी ॲव्हरेज देते आणि हायवेला जास्त, हे आपल्या हाडात मुरलंय. दोन लिटर इंजिनची जड एसयूव्ही जळगावच्या गर्दीत लिटरला आठ देत असेल, तर धुळ्याच्या रस्त्याला लागल्यावर बारा-तेरा देते. त्यामुळे "लांब जायचं, मग काही काळजी नाही" असं आपलं मन आपोआप म्हणतं. इलेक्ट्रिक गाडीत हे नेमकं उलटं होतं. ती गावात जास्त चालते आणि हायवेला कमी.

माझा मावसभाऊ यातच फसला. नवी गाडी आठ दिवस जळगावातच फिरवली. पूर्ण चार्ज केल्यावर स्क्रीनवर ४४० किलोमीटर दिसत होते. पुणे साधारण ४००, म्हणजे एकदम आरामात पोचू, असा हिशोब करून पहाटे निघाला. अहिल्यानगर यायच्या आत बॅटरी दहा टक्क्यांवर आली. घरी फोन करून म्हणाला, कंपनीने फसवलं. कुणी फसवलं नव्हतं. स्क्रीनवरचा आकडा मागच्या आठ दिवसांच्या गावातल्या चालवण्यावरून काढलेला होता, आणि त्याने तो हायवेला लावला.

असं का होतं, हे समजून घ्या, मग आकडे पाठ करावे लागणार नाहीत. गाडीचा वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. हा अडथळा दोन्ही गाड्यांना सारखाच आहे. मग पेट्रोलच्या गाडीला तो जाणवत का नाही? कारण गावात तिची नासाडीच इतकी असते की तुलना करायला चांगलं काही उरतच नाही. सिग्नलला उभी असताना पेट्रोल जळतं. हळू चालताना इंजिनवर लोड कमी, आणि कमी लोडवर इंजिनची कार्यक्षमता फारच खाली येते. ब्रेक दाबला की पेट्रोल जाळून मिळवलेला वेग ब्रेकच्या चकत्यांमध्ये उष्णता होऊन जातो. हायवेला इंजिन त्याच्या सोयीच्या लोडवर येतं, आणि त्या सुधारणेखाली हवेचा सगळा खर्च झाकला जातो.

इलेक्ट्रिक मोटरकडे झाकण्यासारखं फारसं काही नसतं. ती हळू चालतानाही कमी वीज खाते, उभी असताना मोटरचा खर्च शून्य, आणि पाय काढला की वेगातली बरीचशी ऊर्जा बॅटरीत परत भरते. हायवेला ब्रेकच लागत नाही, मग परत काय भरणार? उरतो तो हवेचा अडथळा, आणि तो मीटरवर उघडा दिसतो.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. बीएमडब्ल्यू एक्स१ पेट्रोलमध्ये मिळते आणि तिचीच बहीण आयएक्स१ इलेक्ट्रिकमध्ये. आयएक्स१ची बॅटरी ६६.४ युनिटची आहे, म्हणजे ऊर्जेच्या हिशोबाने साडेसात लिटर पेट्रोलही नाही. एवढ्याशा ऊर्जेत ती मोटर शेकडो किलोमीटर नेते, आणि तरी लोक म्हणतात रेंज कमी. पेट्रोलची टाकी मोठी असल्यामुळे नासाडी लपते, एवढंच.

कंपनी या गाडीची रेंज ५३१ किलोमीटर सांगते. तो भारतीय चाचणीचा आकडा आहे आणि त्या चाचणीत सरासरी वेग कमी असतो. १०० च्या वेगाने, एसी लावून, चार माणसं बसवून अशा गाडीला शंभर किलोमीटरला वीस युनिट धरा. शंभर टक्क्यांवरून दहापर्यंत साठ युनिट वापरलीत, म्हणजे ३०० किलोमीटर. वाटेत ऐंशी टक्क्यांपर्यंत भरून निघालात तर पुढचा टप्पा २३० चा. घराबाहेर पडताना हेच दोन आकडे डोक्यात ठेवावेत.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे, जी शोरूममध्ये कुणी सांगत नाही. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २१० मीटरवर आहे आणि छत्रपती संभाजीनगर ५७० च्या आसपास. अजिंठ्याचा घाट चढून जाताना भरलेल्या गाडीची अडीच युनिट नुसती उंची गाठण्यात जातात. येताना त्यातली बरीच परत मिळतात. म्हणून जातानाचं आणि येतानाचं ॲव्हरेज वेगळं दिसलं तर सर्व्हिस सेंटर गाठू नका.

दुसरा घोळ किलोवॅट आणि युनिटचा, पण शेतकऱ्याच्या घरात तो व्हायला नको. पाच एचपीची मोटर म्हणजे ३.७ किलोवॅट. ती आठ तास चालली की तीस युनिट. किलोवॅट म्हणजे पाण्याची धार, युनिट म्हणजे हौदात साठलेलं पाणी. घरी बसवतात तो ७.४ किलोवॅटचा चार्जर म्हणजे दहा एचपीची मोटर समजा: ६६ युनिटचा हौद भरायला नऊ-दहा तास. हायवेवर १३० किलोवॅटची धार मिळाली तर ऐंशी टक्क्यांपर्यंत अर्धा तास. त्याच जागी ३० किलोवॅटचं मशीन असेल तर दीड तास. "फास्ट चार्जर" अशी पाटी दोन्हींवर असते! ॲपमध्ये चार्जर आहे का एवढंच पाहू नका, किती किलोवॅटचा आहे ते पाहा.

आणि कृपा करून शेतातल्या पंपाच्या लाइनवर गाडी लावायचा विचार सोडा. "थ्री फेज आहेच की वावरात" हे मी रावेर-यावल भागात किती वेळा ऐकलं असेल. शेतीच्या जोडणीवरून गाडी चार्ज करणं हा विजेचा अनधिकृत वापर आहे, विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दंडाची आकारणी होते. घरच्या मीटरवर चालतं, पण युनिट वाढले की वरच्या स्लॅबचा दर लागतो. महावितरणकडे ईव्हीसाठी वेगळी वर्गवारी आहे, तिची चौकशी आधी करा, गाडीचं बुकिंग नंतर.

भुसावळच्या उन्हाचं काय, असंही विचारतात. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत फास्ट चार्जिंग मंदावू शकतं, कारण बॅटरीला स्वतःला थंड ठेवावं लागतं. गाडी उन्हात शंभर टक्के भरून दिवसेंदिवस उभी ठेवू नका, रोजच्या वापराला ऐंशी टक्के पुष्कळ. इंजिन चालू न ठेवता एसीत बसता येतं, हे सुख मात्र पेट्रोलवाल्याला नाही.

माझं मत स्पष्ट आहे. रोजचं फिरणं जळगाव, भुसावळ, एमआयडीसी, फार तर चोपडा किंवा चाळीसगाव, रात्री गाडी स्वतःच्या अंगणात, आणि घरात दुसरी एक गाडी: अशा माणसाने पेट्रोलची महागडी एसयूव्ही घेणं मला पटत नाही. तो गावात लिटरला सात-आठ किलोमीटर देणारी गाडी घेऊन तिचं सगळ्यात वाईट रूपच रोज वापरतो. उलट दर आठवड्याला सुरत किंवा मुंबई, वेळ पाळायची, सोबत माल, किंवा गाडी लावायची जागाच सोसायटीच्या रस्त्यावर, तर पेट्रोल घ्या आणि कुणाच्या बोलण्यात येऊ नका. हायवेला ती तिच्या चांगल्या रूपात असते.

तरी मन ठरत नसेल तर शोरूमभोवती एक फेरी मारून हो म्हणू नका. दिवसभरासाठी गाडी मागा. ट्रिप मीटर शून्य करा, एसी लावा, घरची माणसं बसवा आणि फर्दापूर, सिल्लोडमार्गे संभाजीनगरला जाऊन या. किती टक्के उरले ते पाहू नका. शंभर किलोमीटरला किती युनिट लागले, जाताना किती आणि येताना किती, ते कागदावर लिहून आणा.