कॉल्पोस्कोपीची दुर्बीण पोटात जात नाही

"पिशवीत दुर्बीण घालणार, म्हणजे कॅन्सरच!" कॉल्पोस्कोपीची, म्हणजे गर्भाशयमुख भिंगातून बघायच्या तपासणीची, चिठ्ठी मिळाली की हे हमखास कानावर पडतं, आणि भीतीपोटी तपासणी लांबणीवर पडते. त्या लांबण्याचीच मला खरी काळजी वाटते.

कॉल्पोस्कोप म्हणजे स्टँडवरचं मोठं भिंग. ते शरीराबाहेर, साधारण फूटभर अंतरावर राहतं. आत लावतात तो स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडा ठेवणारं साधन; पॅप टेस्टला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीला, लावतात तोच. मग गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावतात. जरा चुरचुरतं. मिनिटभरात बदललेल्या पेशींची जागा पांढरी दिसू लागते. गरज वाटली तरच तिथून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. तेव्हा चिमटा बसतो, पाळीसारखी कळ येते. सहसा 10 ते 20 मिनिटांत सगळं आटोपतं, बेशुद्ध करत नाहीत.

आणि कॅन्सर? पॅप किंवा एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरू शकणारा विषाणू) चाचणीत काही वेगळं आलं म्हणून सहसा ही तपासणी सांगतात. बहुतेकींना कॅन्सर नसतोच. पेशींतले बदल सापडले, तरी कॅन्सर होण्याआधीच त्यांवर उपचार करता येतात.

गरोदर असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. तुकडा घेतला तर काही दिवस थोडं रक्त किंवा काळपट स्राव जातो; जाताना पर्समध्ये पॅड ठेवा.