बाजारातून आणलेल्या बोकडांचे पहिले तीन आठवडे : खुराकात काय, कधी आणि किती मिसळावे

चाकण-लोणंदच्या बाजारातला उस्मानाबादी असो की राजस्थानातून ट्रकने आलेला सिरोही, बोकड शेडमध्ये उतरतो तेव्हा थकलेला, तहानलेला आणि रिकाम्या पोटाचा असतो. त्याला लगेच भरडा (जाडसर दळलेले धान्य) आणि सगळी पूरके एकदम दिली की अपचन ठरलेलेच. म्हणून कोणते पूरक कधी सुरू करायचे, हे आधी पाहा. खालील मापे साधारण 20 किलोच्या बोकडासाठी आहेत.

आधी पाणी. 10 लिटर पाण्यात 250 ग्रॅम गूळ आणि 30 ग्रॅम मीठ विरघळवून थोडे थोडे पाजा. पहिले दोन दिवस कडबा कुट्टी आणि तुरीचे किंवा हरभऱ्याचे भुसकट, एवढेच. जिवंत यीस्ट मात्र पहिल्या दिवसापासून द्या: रोज 2 ते 3 ग्रॅम, मूठभर ओलसर कोंड्यातून. गरम पाण्यात कालवले तर ते मरते.

तिसऱ्या दिवशी 50 ग्रॅम भरडा, मग दर तीन दिवसांनी 50 ग्रॅम वाढ, रोजचा भाग दोन वेळा विभागून. अठराव्या दिवशी तुम्ही 300 ग्रॅमवर येता. या काळात 100 किलो खुराकात 2 किलो खनिज मिश्रण, 1 किलो मीठ आणि 1 किलो खाण्याचा सोडा घाला. लेंडी पातळ झाली किंवा रवंथ मंदावला तर भरडा मागच्या मापावर आणा. सोडा वाढवून हे सुटत नाही. युरिया नव्या जनावराला नकोच.

एकविसाव्या दिवशी सोडा बंद करून 100 किलो खुराकात 1 किलो अमोनियम क्लोराईड, म्हणजे नवसागर, सुरू करा. भरड्यावर पोसलेल्या बोकडाला, त्यातही लहानपणी खच्ची केलेल्याला, मूत्रमार्गात खडा अडकण्याचा धोका मोठा असतो. नवसागराने लघवी आम्लधर्मी होते आणि हे खडे धरत नाहीत. सोडा नेमका उलटे काम करतो, त्यामुळे दोन्ही एकत्र देणे म्हणजे पैसे वाया. बाजारातला औद्योगिक नवसागर वापरू नका, पशुखाद्य दर्जाचाच घ्या. 1 किलो पूरक आधी 5 किलो भरड्यात कालवा, मग उरलेल्यात. नाहीतर एका बोकडाच्या वाट्याला खूप आणि दुसऱ्याला काहीच नाही असे होते. चवीमुळे बोकड खुराक सोडत असतील तर 2 किलो मळी घाला.

नुसता नवसागर पुरत नाही. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर असतो, म्हणून कॅल्शियम त्याच्या दुप्पट हवे. कोंडा जास्त असेल तर 100 किलोमागे 1 ते दीड किलो खाद्य दर्जाची चुनखडी पावडर घाला. स्वच्छ पाणी सतत समोर हवे. खडा अडकला की बोकड कुंथतो, थेंब थेंब मुततो, दात खातो. लोक याला बद्धकोष्ठता समजून तेल पाजतात आणि वेळ जातो. मूत्राशय फुटण्याआधी, त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.

रक्ती हगवणीवरचे अँप्रोलियम पशुवैद्यकाने सांगितलेल्या मात्रेत आणि तेवढेच दिवस द्या. जास्त झाल्यास बी-1 जीवनसत्त्व कमी पडून जनावर आंधळ्यासारखे वागते. भरडा वाढवण्यापूर्वी आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाची) लस झालेली हवी, कोणतेही पूरक तिची जागा घेत नाही.

घोडी किंवा गाढव पाळत असाल तर मोनेन्सिन (शेळ्या-गाईंच्या खाद्यात मिसळले जाणारे औषध) असलेले खाद्य त्यांच्या तोंडी लागेल असे ठेवू नका, थोड्यानेही घोडे मरते. शेडमध्ये मेंढ्या असतील तर त्यांना गाईंचे खनिज मिश्रण देऊ नका. त्यातले तांबे यकृतात साठत जाऊन मेंढी अचानक दगावते.