अमेरिकेत टीए-आरए आहात? युनियनचा अर्ज कसा होतो, पात्र कोण, कागद कोणते

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सांगलीच्या मुलीच्या हातात कुणीतरी युनियनचं कार्ड दिलं. 'या युनियनने माझ्या वतीने बोलावं' अशी संमती देणारं कार्ड. नाव, विभाग, कामाचा हुद्दा, सही, तारीख, एवढेच रकाने. तिने ते तीन आठवडे वहीत दडवून ठेवलं. मग एका रात्री कुकर लावता लावता विचारलं, "दादा, सही केली आणि व्हिसा गेला तर? बाबांनी घर गहाण ठेवून कर्ज काढलंय." मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. पुढची दोन वर्षं विभागात कार्डं गोळा करताना हाच प्रश्न मी किती जणांच्या तोंडून ऐकला याची गणती नाही. महाराष्ट्रातून इथे शिकायला येणाऱ्यांसाठी ती सगळी माहिती एका जागी लिहितो आहे. टीए म्हणजे शिकवण्यात आणि आरए म्हणजे संशोधनात मदत करणारे, विद्यापीठाकडून पगार घेणारे विद्यार्थी.

आधी पाहा: विद्यापीठ खासगी की सरकारी?

सगळी प्रक्रिया या एका उत्तरावर ठरते. खासगी विद्यापीठ असेल तर १९३५ चा राष्ट्रीय कामगार संबंध कायदा लागू होतो आणि अर्ज राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाकडे जातो. त्याला सगळे एनएलआरबीच म्हणतात. सरकारी विद्यापीठाला हा कायदा लागू नाही. तिथे त्या त्या राज्याचा कायदा चालतो.

खासगी विद्यापीठांत शिकवणारे विद्यार्थी 'कर्मचारी' आहेत की नाहीत, यावर मंडळाने स्वतःच अनेकदा मत बदललं आहे. २००० साली न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात 'आहेत' म्हटलं, २००४ मध्ये ब्राऊनच्या प्रकरणात 'नाहीत', आणि २३ ऑगस्ट २०१६ ला कोलंबियाच्या प्रकरणात पुन्हा 'आहेत'. विद्यार्थी असणं आणि कामगार असणं या दोन गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, हा कोलंबिया निकालाचा गाभा. कोलंबिया म्हणजे बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात जिथे शिकले ते विद्यापीठ. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळताना १९४३ मध्ये मालकांनी युनियनला मान्यता दिलीच पाहिजे असं दुरुस्ती विधेयक त्यांनी मांडलं होतं. कार्डांचा गठ्ठा घेऊन लायब्ररीच्या पायऱ्यांवर उभा असताना मला हे हमखास आठवायचं.

सरकारी विद्यापीठांची परंपरा याहून जुनी आहे. विस्कॉन्सिन-मॅडिसनमधल्या टीएंची संघटना १९६६ मध्ये उभी राहिली आणि १९७० च्या संपानंतर तिने करार मिळवला. पण राज्याराज्यांत फार फरक आहे. इलिनॉय आणि कॅलिफोर्नियात निम्म्याहून अधिक लोकांनी कार्डावर सही केली तर निवडणुकीशिवायही मान्यता मिळू शकते. टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलिनात सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनशी सामूहिक करार करायला कायद्यानेच बंदी आहे. संघटना काढता येते, करार करता येत नाही. ड्यूक विद्यापीठ नॉर्थ कॅरोलिनातलंच, पण खासगी. म्हणून तिथल्या ग्रॅड विद्यार्थ्यांनी २०२३ मध्ये एनएलआरबीची निवडणूक जिंकली, आणि जवळच्याच सरकारी विद्यापीठात तेच काम करणाऱ्यांना ती वाट बंद आहे. सरकारी विद्यापीठात असाल तर तुमच्या राज्याच्या कामगार संबंध मंडळाची वेबसाइट आधी वाचा. पुढची प्रक्रिया खासगी विद्यापीठांची आहे.

पात्र कोण

विद्यापीठाच्या सांगण्यावरून आणि देखरेखीखाली काम करता आणि त्याचा मोबदला मिळतो, ही मुख्य कसोटी. टीए, ग्रेडर, स्वतंत्र वर्ग घेणारे, संशोधन अनुदानावरचे आरए हे साधारणपणे बसतात. कोलंबियाच्या निकालात पीएचडीवाल्यांबरोबर मास्टर्सचे आणि पदवीपूर्व सहाय्यकही आले, त्यामुळे 'मी तर फक्त एमएसला आहे' म्हणून स्वतःला आधीच वगळू नका.

अडचण फेलोशिपवाल्यांची होते. ज्यांना काम न करता शिष्यवृत्ती मिळते त्यांना कर्मचारी मानायचं का, हा वाद आहे. २०२३ मध्ये एमआयटीच्या प्रकरणात मंडळाच्या प्रादेशिक संचालकांनी अशा फेलोंना बाहेर ठेवलं. पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव महत्त्वाचं नसतं. काम काय करता, कोण करवून घेतं, हे पाहिलं जातं.

नागरिकत्व किंवा व्हिसा ही पात्रतेची अट नाही. एफ-१ (विद्यार्थी) आणि जे-१ (शैक्षणिक देवाणघेवाण) व्हिसांवरचे विद्यार्थी कार्डावर सही करू शकतात, मत देऊ शकतात, पदाधिकारीही होऊ शकतात.

कार्ड: सगळ्यात मोठं काम इथेच

निवडणुकीची मागणी करायला गटातल्या, म्हणजे युनियन ज्या पदांच्या वतीने बोलणार त्या पदांवरच्या, किमान ३० टक्के कर्मचाऱ्यांच्या सह्या लागतात. आपल्याकडच्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. महाराष्ट्राच्या १९७१ च्या मान्यताप्राप्त युनियनच्या कायद्यातही ३० टक्के सभासदत्वाचीच अट होती. मात्र तिथे ३० टक्क्यांवर मान्यतेसाठी अर्ज होत असे, इथे ३० टक्क्यांवर फक्त मतदानाचं दार उघडतं. म्हणून माझं ठाम मत: ३० टक्के झाले म्हणून अर्ज करू नका. सेमिस्टर संपलं की माणसं बदलतात, काही पदवी घेऊन जातात, काही घाबरून मागे हटतात. साठ-पासष्ट टक्के सह्या हातात असल्याशिवाय आम्ही अर्जाचा विषयही काढला नव्हता.

सहीच्या शेजारी तारीख हवीच. तारीख नसलेलं कार्ड बाद होतं आणि वर्षापेक्षा जुनं कार्ड शिळं धरलं जातं. ऑनलाइन सही चालते, पण त्यात नाव, ईमेल किंवा दुसरा संपर्क, फोन, मालक म्हणून विद्यापीठाचं नाव, तारीख आणि नेमकं कशाला संमती देता तो मजकूर असावा लागतो. कार्डं विद्यापीठाला दाखवली जात नाहीत. मंडळाचे अधिकारी ती गोपनीय ठेवतात. गाइडना कळेल का, हा दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न असायचा. कार्डावरून कळत नाही.

सही करताना एक पैसाही द्यायचा नसतो. युनायटेड ऑटो वर्कर्स, म्हणजे मोटार कामगारांची युनियन, आज हजारो ग्रॅड विद्यार्थ्यांचं प्रतिनिधित्व करते. तिची वर्गणी पगाराच्या १.४४ टक्के आहे, आणि पहिला करार सभासदांनी मतदानाने मंजूर केल्यावरच ती सुरू होते.

कागदपत्रं

तुमच्याकडून कार्डाखेरीज काही लागत नाही. पासपोर्ट, आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला दाखला), सोशल सिक्युरिटी नंबर यांपैकी काहीही कुणी मागितलं तर देऊ नका, कारण या प्रक्रियेत त्याची गरजच नाही. पण स्वतःजवळ नेमणुकीचं पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या आणि कामाचे तास सांगणारे ईमेल जपून ठेवा. तुम्ही खरंच कर्मचारी आहात का, असा वाद निघाला की हेच कागद कामी येतात. विद्यापीठाच्या ईमेलवर विसंबू नका, घरच्या खात्यात प्रती ठेवा.

युनियनच्या बाजूने अर्जाचा नमुना एनएलआरबी-५०२ असतो, त्यातला 'आरसी' प्रकार. त्यात विद्यापीठाचं नाव-पत्ता, गटात कोणती पदं येतात आणि कोणती नाहीत, अंदाजे संख्या, आणि मतदान कधी-कुठे-कसं व्हावं हे लिहायचं. पदांचं वर्णन घाईत लिहू नका. एक हुद्दा सुटला की ती माणसं बाहेर राहतात. अर्जाची प्रत, प्रक्रियेची माहिती आणि विद्यापीठाने भरायचा म्हणणं मांडण्याचा कोरा नमुना विद्यापीठाला पाठवायचा आणि पाठवल्याचा दाखला मंडळाला द्यायचा. सह्यांची कार्डं मात्र फक्त मंडळाकडे. अर्ज ऑनलाइन भरता येतो, फी नाही.

अर्जानंतर

विद्यापीठाला अर्जाची नोटीस लावावी लागते आणि कर्मचाऱ्यांची यादी द्यावी लागते. दोन्ही बाजूंचं एकमत झालं तर लेखी समझोत्याने निवडणूक ठरते, नाहीतर सुनावणी होते. मग गुप्त मतदान. जिंकायला पडलेल्या वैध मतांपैकी निम्म्याहून एक जास्त पुरतं. गटातल्या एकूण संख्येचा हिशेब नसतो. त्यामुळे 'माझ्या एका मताने काय होतं' म्हणून घरी बसलेला माणूस मोजलाच जात नाही.

मतदारयादी डोळ्यांत तेल घालून तपासा. हार्वर्डमध्ये २०१६ च्या मतदानात विद्यापीठाने दिलेल्या यादीत शेकडो पात्र लोकांची नावंच नव्हती. मंडळाने फेरमतदान घ्यायला लावलं आणि एप्रिल २०१८ मध्ये युनियन १,९३१ विरुद्ध १,५२३ मतांनी जिंकली. यादीकडे कुणी बारकाईने पाहिलं नसतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

हरलात तर त्याच गटासाठी बारा महिने पुन्हा निवडणूक होत नाही.

व्हिसा, आणि संपाची वेळ

युनियनमध्ये असणं हे एफ-१ च्या अटींचं उल्लंघन नाही. एफ-१ टिकतो तो पूर्णवेळ नोंदणीवर. कॅम्पसवरची नोकरी ही त्याची अट नाही. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा पाळायचीच, युनियन असो वा नसो. २०२५ मध्ये राजकीय निदर्शनांवरून काही परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हापासून भीती वाढली आहे आणि ती खोटी नाही. ज्याला पुढे उभं राहायचं नाही त्याच्यावर दबाव आणू नका. कार्ड गुप्त आहे, मत गुप्त आहे, आणि तेवढंही पुष्कळ आहे.

संपाची वेळ आली तर आधी विद्यापीठातल्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसाचे कागद पाहणारा अधिकारी) आणि युनियनच्या इमिग्रेशन वकिलाला विचारा. एफ-१ च्या नियमांत अशी तरतूद आहे की अमेरिकेच्या कामगारमंत्र्यांनी एखाद्या ठिकाणचा संप अधिकृतपणे प्रमाणित केला तर तिथल्या त्या व्यवसायातली काम करण्याची परवानगी स्थगित होते. ही गोष्ट आधीच माहीत असावी. शिवाय न्यूयॉर्क, मिशिगनसारख्या राज्यांत सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपाला मनाई आहे.

संपात पैसा आणि माणसं दोन्ही लागतात. २०२२ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठात ४८,००० जण संपावर गेले तेव्हा टीमस्टर्स युनियनच्या यूपीएस चालकांनी संपकऱ्यांची रांग ओलांडून पार्सलं पोचवायला नकार दिला. त्यांचा आणि इतिहासाच्या टीएचा धंदा एक नव्हता, रांग एक होती. मोटार कामगारांच्या युनियनने २०२३ मध्ये संपभत्ता आठवड्याला ५०० डॉलर केला. तो वर्षानुवर्षं कारखान्यांतल्या कामगारांच्या वर्गणीतूनही साठलेला पैसा आहे. याउलट त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठाने संपकऱ्यांची फीमाफी आणि आरोग्य विमा बंद केला होता. दोन्ही चित्रं माहीत असू द्या आणि मगच संपाच्या ठरावावर मत द्या.

त्रास दिला तर

सही केली म्हणून टीएशिप काढणं, 'कुणी कुणी सही केली' अशी चौकशी करणं, व्हिसाचा धाक घालणं हे सगळं बेकायदा आहे. त्यासाठी नमुना एनएलआरबी-५०१ भरायचा, घटनेपासून सहा महिन्यांच्या आत. मुदत टळली की तक्रार गेली. आमच्या एका मित्राला विभागातल्या एका वरिष्ठाने "परदेशी मुलांनी यात पडू नये" असं तोंडी सांगितलं. त्याने त्याच संध्याकाळी तारीख, वेळ, शब्द आणि समोर कोण होतं ते स्वतःलाच ईमेल करून ठेवलं. तुम्हीही तेवढंच करा.

जिंकल्यावर

मंडळाचं प्रमाणपत्र मिळालं की विद्यापीठाला बोलणीला बसावंच लागतं. पण बसणं म्हणजे करार नव्हे. कोलंबियात डिसेंबर २०१६ मध्ये १,६०२ विरुद्ध ६२३ मतांनी निवडणूक जिंकली आणि पहिला करार झाला जानेवारी २०२२ मध्ये, मधे दहा आठवड्यांचा संप होऊन. बोलणी सुरू होण्याआधी युनियन सभासदांकडून मागण्यांचा फॉर्म भरून घेते. तो टाळू नका. परदेशी विद्यार्थ्यांचे प्रश्न तिथे लिहिले नाहीत तर टेबलावर पोचत नाहीत. आमच्याकडे फॉर्म आला तेव्हा सांगलीच्या त्या मुलीने सगळ्यात आधी भरून दिला. दंतविमा, उन्हाळ्यातला पगार यांच्याखाली तिने लिहिलं होतं: व्हिसा स्टॅम्पिंगसाठी मुंबईला जावं लागलं आणि तारीख लांबली, तर पगार न कापता रजा.