फेंडर मिळत नव्हती तेव्हा

ब्रिटनमधल्या एखाद्या छोट्या कार्यशाळेत हाताने घडवलेली इलेक्ट्रिक गिटार घ्यायची म्हटलं तर हजारो पौंड मोजावे लागतात आणि पैसे देऊनही ती लगेच हातात पडत नाही. आधी लाकूड ठरतं, नेकची म्हणजे गिटारच्या दांड्याची जाडी ठरते, पिकअप म्हणजे तारांचा कंप टिपून विजेच्या संकेतात बदलणारे भाग ठरतात, मग वाट बघायची. तेवढ्याच पैशांत गिब्सन या अमेरिकी कंपनीची चांगली गिटार त्याच दिवशी घरी नेता येते आणि पुढे विकायची वेळ आली तर तिला गिऱ्हाईकही पटकन मिळतं. तरी लोक या कारागिरांचे उंबरे झिजवतात. असं का, हे समजून घ्यायला १९५१ सालापर्यंत मागे जावं लागतं.

युद्धानंतर ब्रिटनच्या तिजोरीत डॉलरचा खडखडाट होता. त्यापायी अमेरिकी वाद्यांची आयात बंद झाली, ती थेट १९५९पर्यंत. नेमकी हीच रॉक अँड रोलची वर्षं. अमेरिकी गायक बडी हॉलीच्या हातातली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर पोरांना फोटोत दिसायची. दुकानात मात्र जर्मनीची हॉफनर नाहीतर चेकोस्लोव्हाकियाहून आलेली फ्युचुरामा. पुढे बीटल्समध्ये गाजलेल्या, तेव्हा कोवळ्या वयातल्या जॉर्ज हॅरिसननेही फ्युचुरामावरच भागवलं. १९५९मध्ये ब्रिटिश गायक क्लिफ रिचर्डने आपल्या गिटारवादकासाठी, हँक मार्विनसाठी, अमेरिकेहून लाल स्ट्रॅटोकास्टर मागवली, त्याची गोष्ट तिथले लोक अजून सांगतात.

या टंचाईत देशी कारागिरांना वाव मिळाला. त्यांतला सर्वांत महत्त्वाकांक्षी जिम बर्न्स. १९६४मध्ये खुद्द मार्विनच्या नावाचं मॉडेल त्याने काढलं. पण पुढच्याच वर्षी बाल्डविन या अमेरिकी पियानो कंपनीने त्याची बर्न्स कंपनी विकत घेतली. बाल्डविनला खरं तर फेंडर हवी होती. ती सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलर मोजून आधीच नेली होती. दुधाची तहान ताकावर भागवलेल्या या नव्या मालकाने काही वर्षांतच गाशा गुंडाळला. ब्रिटनमध्ये मोठा गिटार कारखाना उभा राहायचा राहिला तो इथे, असं मला वाटतं. मागे उरले ते एकटेदुकटे कारागीर.

घरी गिटार बनवणं तेव्हा वेडेपणाचं मानलं जात नव्हतं. १९६३मध्ये ब्रायन मे, पुढे क्वीन या रॉक बँडचा गिटारवादक, आणि त्याचे वडील हॅरॉल्ड यांनी जुन्या फायरप्लेसचं महोगनी लाकूड नेकसाठी तासायला घेतलं. सूर हलवणाऱ्या ट्रेमोलो दांडीला मोटरसायकलच्या स्प्रिंगा, फ्रेटबोर्डवरच्या म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीवरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. पिकअपही त्याने घरीच गुंडाळून पाहिले, पण ते मनासारखे वाजेनात, म्हणून शेवटी बर्न्सचे आणले. क्वीनच्या रेकॉर्डवर वाजते ती हीच गिटार.

ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याची अडचण निराळी होती. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यातल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. त्यात तो डावखुरा, म्हणजे गेली तीही नेमकी तारा दाबायच्या हाताची. बोटांना सोसेल अशी गिटार गावातल्याच जॉन बर्च आणि जॉन डिगिन्स यांनी त्याला घडवून दिली. मापं घेऊन कपडे शिवणाऱ्या शिंप्याचं जे काम, तेच हे.

आणि मग गिटार घडवणारा टोनी झेमायटिस. १९३५चा जन्म, लिथुआनियन वंशाचं लंडनचं घर, हाताला फर्निचरच्या सुतारकामाचं वळण. गिटारमधली घरघर रोखायची म्हणून त्याने दर्शनी भागावर धातूचा पत्रा बसवला, आणि त्या पत्र्यावर वेलबुट्टी कोरायला माणूस गाठला तो बंदुकांवर नक्षी करणारा, डॅनी ओब्रायन. रोलिंग स्टोन्सचे रॉनी वुड, कीथ रिचर्ड्स अशी गिऱ्हाइकं आली. गिटारी मात्र वर्षाला मोजक्याच व्हायच्या, कारण करणारा एकटा.

खर्चाचा एक धागा आपल्याकडेही येतो. ब्राझीलच्या रोजवुडवर निर्बंध आले तसं फ्रेटबोर्डसाठी जगभर भारतीय रोजवुड रूढ झालं. म्हणजे सह्याद्रीतही वाढणारा आपला शिसव. जानेवारी २०१७मध्ये रोजवुडच्या साऱ्या जाती साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेल्या आणि दुसऱ्या देशात गिटार पाठवायची तर कागदपत्रं आली. तयार वाद्यांना सूट मिळाली ती नोव्हेंबर २०१९च्या अखेरीस. मोठ्या कंपनीत असल्या कामाला वेगळा कारकून असतो. इथे रंधा खाली ठेवून कारागिरालाच अर्ज भरत बसावं लागे.

या धंद्यात नाव आणि हात यांची फारकत सहज होते. गिटार कारागीर पॅट्रिक एगलने इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत स्वतःच्या नावाची कंपनी काढली, काही वर्षांत तो बाहेर पडला, नाव मागे चालत राहिलं. पुढे त्याने श्रॉपशरमध्ये नव्याने काम थाटलं. झेमायटिस २००२मध्ये गेला. त्याच्या नावाच्या गिटारी आता जपानी कंपनी बनवते, आणि चांगल्या बनवते. तरी जुनी झेमायटिस विकायला निघाली की घेणारा आवाजाबद्दल नंतर विचारतो. पहिला प्रश्न असतो, ही त्याने स्वतः केलेली आहे ना?