रिंगिट ३.८० ला बांधला, त्यामागची गोष्ट

थायलंडने २ जुलै १९९७ ला आपल्या चलनाचा, बाटचा दर मोकळा सोडला, त्यानंतरची आशियाई चलनांची पडझड सर्वांना ठाऊक आहे. मलेशियाने आपले चलन रिंगिट सावरायला काय केले, यावर मात्र अजून वाद चालतो.

थायलंड आणि इंडोनेशियाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जासोबत त्याच्या अटीही घेतल्या. मलेशियाला ते टाळता आले, कारण तिथल्या कंपन्यांना परदेशात कर्ज काढायला मध्यवर्ती बँकेची परवानगी लागे. त्यामुळे अल्पमुदतीचे परकीय कर्ज शेजाऱ्यांपेक्षा कमी होते. मलेशियाच्या स्वाभिमानाच्या भाषणांत हा मुद्दा हमखास गळतो. शिवाय सुरुवातीला अर्थमंत्री अन्वर इब्राहिम यांनी नाणेनिधीची तीच कडू औषधे आपणहून घेतली होती: खर्चाला कात्री, चढे व्याजदर.

मलेशियाची खरी डोकेदुखी सिंगापूरमध्ये होती. तिथे रिंगिटवर घसघशीत व्याज मिळे, म्हणून ठेवी मलेशियाबाहेर जात. सट्टेबाज तिथेच रिंगिट उसने घेऊन डॉलरसाठी विकत. घरचे व्याजदर उतरवले की पैसा आणखी पळणार, चढे ठेवले की उद्योग बुडणार.

१ सप्टेंबर १९९८ ला हे दार लावण्यात आले. बाहेरचे रिंगिट महिन्याभरात परत आणा, नाहीतर ते निरुपयोगी. शेअर विकून आलेला परकीयांचा पैसा वर्षभर देशातच राहील. दुसऱ्या दिवशी दर डॉलरला ३.८० रिंगिट असा बांधला गेला आणि अर्थमंत्र्यांची हकालपट्टी झाली. आर्थिक निर्णय कुठे संपला आणि राजकारण कुठे सुरू झाले, हे सांगणे तेव्हाही सोपे नव्हते.

उपाय लागू पडला का? १९९८ मध्ये ७.४ टक्क्यांनी आक्रसलेली अर्थव्यवस्था पुढच्या वर्षी ६ टक्क्यांवर वाढली. टीकाकार म्हणतात, दक्षिण कोरिया दारे उघडी ठेवूनही त्याहून वेगाने सावरला. पैसा जायचा तो आधीच गेला होता. समर्थकांच्या मते व्याजदर उतरवायला उसंत मिळाली, तीच महत्त्वाची. मला दुसरी बाजू पटते, पण त्याच उसंतीत सत्तेच्या जवळच्या काही कंपन्याही तरल्या, हे नाकारता येत नाही.

वर्षभराच्या अटीऐवजी फेब्रुवारी १९९९ मध्ये पैसा बाहेर नेण्यावर कर आला. बांधलेला दर जुलै २००५ मध्ये, चीनने युआन सैल केला त्याच दिवशी सुटला. परदेशातल्या रिंगिट व्यवहारांवरचा राग मात्र टिकला. २०१६ च्या अखेरीस मध्यवर्ती बँकेने पुन्हा तिथेच बोट ठेवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये डॉलर ४.८० रिंगिटच्या आसपास गेला, तेव्हा १९९८ चे ते बडतर्फ अर्थमंत्री पंतप्रधान होते. दर त्यांनी बांधला नाही.