निलंबित पोलीस आणि बडतर्फ पोलीस

लाचेच्या सापळ्यात हवालदार सापडला किंवा कोठडीत आरोपी दगावला, की सांगली-साताऱ्यात मोर्चा निघतो. ‘निलंबित’ ही बातमी आली की तो पांगतो. मागणी मान्य झाली असं लोकांना वाटतं, पण निलंबित पोलीस नोकरीतच असतो. निलंबन ही शिक्षा नव्हे.

ओळखपत्र, हत्यार जमा होतं. मुख्यालयात, म्हणजे सांगलीच्या बाबतीत विश्रामबागला, हजेरी लागते. पहिले तीन महिने साधारण अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. चौकशी खात्यामुळे लांबली तर हा भत्ता निम्म्याने वाढवता येतो. अट एवढीच, की दुसरा कामधंदा करत नसल्याचा दाखला द्यायचा.

खरी गोम तीन महिन्यांची आहे. तेवढ्यात दोषारोपपत्र, म्हणजे खात्याच्या चौकशीसाठीचं आरोपांचं पत्र, दिलं नाही तर निलंबन पुढे ताणता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरवलं. मोर्चा विसरला जातो, कागद हलत नाही, माणूस पुन्हा ड्युटीवर. निलंबन वर्षानुवर्षं चाललं तरी शेवट तोच होऊ शकतो: ख्वाजा युनूस कोठडीमृत्यू प्रकरणात २००४ साली निलंबित झालेले मुंबईचे पोलीस अधिकारी सचिन वाझे २०२० मध्ये सोळा वर्षांनी पुन्हा रुजू झाले. बडतर्फ झाले ते मे २०२१ मध्ये, वेगळ्याच प्रकरणानंतर.

बडतर्फी म्हणजे नोकरी संपली. त्यासाठी दोषारोपपत्र, साक्षीदार, उलटतपासणी, अहवालाची प्रत देऊन मागवलेलं म्हणणं, एवढं सगळं लागतं. निरीक्षकाला एसपी निलंबित करू शकतात, बडतर्फ करू शकत नाहीत. तो अधिकार वरचा. संविधानाच्या कलम ३११(२)(ब)खाली चौकशीशिवायही काढता येतं, पण चौकशी का शक्य नाही याची कारणं लेखी हवीत. घाईच्या आदेशात नेमकी तीच पोकळ असतात आणि ‘मॅट’मध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, आदेश टिकत नाही. मुंबईचे पोलीस अधिकारी प्रदीप शर्मांची २००८ची बडतर्फी ‘मॅट’ने पुढच्याच वर्षी रद्द केली, २०१७ मध्ये ते परत खात्यात आले.

फौजदारी खटला या दोन्हींपासून अलग चालतो. त्याच शर्मांना २००६च्या लखनभैया बनावट चकमकीत सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये सोडलं होतं. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि त्याविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

म्हणून एसपी ऑफिसला निवेदन देताना ‘निलंबित करा’ एवढंच लिहू नका. दोषारोपपत्र कोणत्या तारखेला देणार आणि चौकशी अधिकारी कोण, हे लेखी मागा, आणि निवेदनाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.